दौंडची चाल

पौष लागला की शिरूरच्या बाजारात हवाच गोड होते. पहाटे घोडनदीकडून धुकं येतं, गाड्यांवरच्या नव्या गुळाचा वास त्यात मिसळतो आणि दिवसभर अंगातल्या कपड्यांना चिकटून राहतो. बाहेरगावचे लोक नाक वर करून म्हणतात, काय वास आहे! मला तो वास आला की माझं डोकं फिरतं. गेली दहा-बारा वर्षं हे असंच चाललं आहे. सबंध हिवाळा मी कावलेला असतो. घरची माणसं मला टाळतात, हमाल जपून बोलतात. चैत्रात गुळाची आवक थांबली की मी हळूहळू माणसात येतो.

यंदा त्यात भर पडली. गावात संगीत मंडळ काढलेल्या वकिलांकडून निरोप आला, मंडळ पुन्हा सुरू करायचं घाटतंय, नव्या रचनांच्या बैठका पुन्हा घ्यायच्या आहेत, तुमचा गाळा मिळेल का? निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी चहाही विचारला नाही. म्हटलं, "सांगा त्यांना, गाळ्यात गूळ आहे."

तो म्हणाला, "तेव्हाही होताच की."

होता. पहिल्या बैठकीच्या वेळी मी ढेपा भिंतीला लावून छतापर्यंत रचल्या होत्या, मधली फरशी गरम पाण्याने धुऊन काढली होती, मुंग्या लागू नयेत म्हणून कडेने राख टाकली होती आणि वर सतरंज्या अंथरल्या होत्या. एवढं मी माझ्या मुलीच्या लग्नात केलं नाही.

वकिलांनी ती कल्पना पुण्याहून आणली होती. तीन दुपारी बैठक भरायची, दिवेलागणीला संपायची. लाउडस्पीकर नाही. तीन-चार वाजवणारे समोर बसणार, शे-सव्वाशे माणसं जवळ बसून ऐकणार. नियम एकच, पण कडक: जुनं काही वाजवायचं नाही. जे वाजेल ते नव्याने रचलेलं पाहिजे, आणि वाजण्याआधी रचणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगितलं पाहिजे. तीन दिवसांत जी रचना उत्तम ठरेल तिची स्वरलिपी रचणाऱ्याच्या नावाने छापायची आणि ती पुण्याच्या जाणकारांपुढे वाजवायची. वकील म्हणायचे, "जुनं ऐकायला सगळा मुलूख पडलाय. शिरूरला लोक नवं ऐकायला येतील." बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. माणूस वाईट नव्हता. चांगल्या माणसांनी माझं जास्त नुकसान केलं आहे.

मला गाण्यातलं काही शिकवलेलं नाही. माझी आई लोकांच्या गुऱ्हाळांवर उसाची चिपाडं वाळत घालायची. मी बाजारात आलो तो पाठीवर ढेपा वाहायला. पुढे तोलायला लागलो, मग बोली पुकारायला, मग स्वतःचा गाळा. या सगळ्यात शिकलो ते कानाने. ढेपेवर बोटाचं पेर मारलं की कडक गूळ एक बोलतो आणि ओला गूळ दुसरं बोलतो. बाजारात माझ्या कानाला तोड नव्हती, असं मी समजत होतो. मग एका बाजाराला दौंडचे इस्माईल मास्तर गूळ घ्यायला आले. मी एक ढेप पुढे केली, तिच्यावर बोट मारलं आणि म्हटलं, "हिच्यासारखी शिरूरात मिळायची नाही."

मास्तर बघायलासुद्धा वाकले नाहीत. "आतून ओली हाय, शेट. तुम्हालाबी ऐकू आलं, मलाबी आलं. आता दुसरी काढा."

आमची ओळख ती अशी.

मास्तरांचा दौंडला लग्नाचा बँड होता. माणूस नम्र अजिबात नव्हता. केसांना चमेलीचं तेल, बुटांना रोज पॉलिश, क्लॅरिनेटला दुसऱ्याचा हात लागलेला खपायचा नाही. एकदा वरबापाने बसायला खुर्ची दिली नाही म्हणून अर्ध्या वाटेत वरात सोडून निघून गेले होते. मला अशी माणसं आवडतात. स्वतःची किंमत कमी करून सांगणाऱ्याबरोबर सौदा करायला मजा येत नाही.

मास्तरांचं घर रेल्वेच्या यार्डाला लागून. तिथे मालगाडीचे डबे जोडतात, तेव्हा इंजिन पहिल्या डब्याला धक्का देतं, तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. धक्का लांब लांब जातो आणि शेवटच्या डब्यापाशी विझतो. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग सगळी गाडी मिळून हलते. लहानपणापासून हे ऐकत झोपलेल्या माणसाने त्याचीच रचना बांधली. क्लॅरिनेटने एक ओळ टाकायची, ती पुरी व्हायच्या आत दिलरुब्याने उचलायची, मग पेटीने, मग तबल्याने तिचा नुसता ठोका ठेवायचा. मग सगळ्यांनी थांबायचं. ऐकणाऱ्याचा श्वास अडकेल इतकं थांबायचं. आणि मग चौघांनी एकदम. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातातला कप मी खाली ठेवायला विसरलो.

मी वकिलांकडे गेलो. त्यांची यादी तयार होती, सगळे पुण्या-नगरचे. शिरूरकडे सतरंज्या आणि चहा.

"बँडवाले?" वकील म्हणाले. "शेठ, ही बैठक आहे. वरात नाही."

"मग माझा गाळासुद्धा गाळा आहे, दिवाणखाना नाही. दुसरीकडे बघा."

"असं काय करता? बरं, पहिल्या दिवशी सुरुवातीला दहा मिनिटं घ्या. लोक येऊन बसेपर्यंत."

"लोक चपला काढत असताना? दुसऱ्या दिवशी, शेवटी. उन्हं उतरताना. आणि नाव पुकाराल ते पूर्ण, 'मास्तर'सकट."

"तुम्ही गाण्याचाही लिलाव करता!"

"करतो. बोला, सोडू?"

सुटलं माझ्या बाजूने. त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घालत गेलो, असं माझी बायको अजून सांगते.

मग कार्तिकापासून पौषापर्यंत तालीम. दर बाजाराला मास्तर दौंडहून यायचे, दुपारी सौदे आटोपले की चौघं माझ्या गाळ्यात बसायचे. पेटीला शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर, दिलरुब्याला पोस्टातले एक कारकून, तबल्याला मास्तरांचा मेहुणा. गाळ्याचं दार सताड उघडं. यावर पुढे वकील मला म्हणाले, दार लावून तालीम केली असती तर काही झालं नसतं. वकिलांना बाजार कळत नाही. गुळाच्या बाजारात भरदिवसा कुणी दार लावलं की चार गाळ्यांत कुजबुज सुरू होते, आत भेसळ चाललीय. मी हमाल होतो तेव्हापासून दिवसाउजेडी कुठल्या गाळ्याचं दार लागलेलं बघितलेलं नाही. आम्ही उघड्यावर विकतो, उघड्यावर भांडतो. उघड्यावर वाजवलं तर त्यात चूक कसली?

त्या दुपारी मला अजून दिसतात. उतरतं ऊन ढेपांच्या गोणपाटावर पडलेलं. माशा गुंगलेल्या. रिकाम्या गाड्यांचे बैल दारात रवंथ करताहेत, गाडीवान जुवावर बसून ऐकताहेत. धान्य निवडणाऱ्या बाया सुपं थांबवून ऐकायच्या आणि ती मधली शांतता आली की एकमेकींकडे बघून हसायच्या. दोन-तीन बाजारांत हमालांच्या तोंडी ती ओळ बसली. ढेप खांद्यावरून खांद्यावर देताना पहिला ती सुरू करायचा, पुढचा पुढे न्यायचा. मास्तर हे बघून खूश व्हायचे, वर तोंडाने म्हणायचे, "बेसूर हायेत लेकाचे."

आणि आप्पा यायचे. राहू गावचे आप्पा म्हणजे मोठे बागाईतदार. शंभर गाड्यांत त्यांचा गूळ ओळखू यावा असा. गुऱ्हाळावर रस निवळायला भेंडीचं पाणी किती सोडायचं ते स्वतः उभं राहून बघणार. गावच्या भजनी मंडळाचे तेच मुख्य. माझ्या गाळ्याचा सगळ्यात मोठा माल त्यांचा. सगळा बाजार मला शेठ म्हणायला लागला तरी ते 'गेनबा'च म्हणायचे, आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मार्गशीर्षातल्या एका दुपारी ते ढेपेवर मांडी घालून बसले, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "मास्तर, ती दुसरी वळ पुन्यांदा घ्या बरं. आमच्या मंडळींला बसवायची हाय. अभंगाला नामी व्हईल."

मास्तरांचा चेहरा फुलला. "घ्या की आप्पा. खुशाल घ्या." आणि तीन वेळा वाजवून दाखवली. तिसऱ्या वेळी आप्पांनी मांडीवर ताल धरला. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. माझ्या गाळ्यात, दार उघडं असताना, दिवसाउजेडी.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी गाळा भरून माणसं दारापर्यंत आली होती. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे आजूबाजूचे बँडवालेही मोकळे; तेही आले होते. पुण्याहून आलेले अध्यक्ष मधोमध, शेजारी वकील, पलीकडे पहिल्या रांगेत आप्पा, इस्त्रीचा फेटा बांधून. नाव पुकारलं गेलं, पूर्ण, 'मास्तर'सकट. मास्तरांनी काळा कोट घातला होता आणि बसण्याआधी रुमालाने जागा झटकली, तेव्हा अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली.

क्लॅरिनेटने ओळ टाकली. दिलरुब्याने उचलली. दुसऱ्या आवर्तनाला मला माझ्या मागून एक आवाज आला. कुणीतरी गुणगुणत होतं. मग दारातले हमाल. मग बाया. मग राहूहून आप्पांबरोबर आलेली सगळी भजनी मंडळी. तिसऱ्या वेळी अख्खा गाळा ती चाल गुणगुणत होता, ढेपांपासून छताच्या पत्र्यापर्यंत. माझी छाती फुगली. मी म्हटलं, जिंकली! याहून चांगली कुठली असणार? दोन दिवसांत दुसऱ्या कुठल्या रचनेला असं झालं? लोक पुणेकरांचं ऐकून भिंतीकडे बघत बसले होते.

अध्यक्ष उठले. गोड हसले. "अतिशय रम्य. परंतु नियम आपणच केला आहे. ही रचना नवी कशी म्हणावी? आबालवृद्धांना पाठ आहे. ही इथल्या मातीतली पारंपरिक चाल आहे. मास्तरांनी ती चार वाद्यांवर छान बांधली, त्याबद्दल त्यांचं कौतुक. पण स्पर्धेत ती धरता येणार नाही."

वकील गोंधळले. आप्पांकडे वळून म्हणाले, "आप्पा, आपल्याकडे भजनात हीच आहे का?"

मला वाटलं, आता आप्पा सांगतील.

आप्पांनी फेट्याला हात लावला. पुण्याचा मोठा माणूस समोर, सगळा तालुका मागे. "व्हय की. आमच्या राहूची हाय ही. आमच्या वडलांच्या येळंपास्नं म्हणत्यात."

मी उठलो. काय बोललो ते सगळं लिहिता येणार नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "आप्पा, गेल्या महिन्यात या ढेपेवर बसून तुम्ही ती शिकलात! दौंडच्या यार्डातली चाल आहे ती, या माणसाच्या डोक्यातली!"

अध्यक्षांनी हळू आवाजात वकिलांना विचारलं, "हे कोण?"

"आमचे अडते. हा गाळा त्यांचाच," वकील म्हणाले, आणि प्रसंग हलका करायला पुढे म्हणाले, "मालाची बोली चढवायची सवय आहे त्यांना."

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "गेनूशेठ, खाली बसा! लिलाव उद्या हाय!" मग जास्तच हसले. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं माझ्या शब्दावर गूळ घेतला, न फोडता, न चाखता, तेच हसले. मी माल चढवून सांगतो, खरं आहे. ते माझं काम आहे. पण हा माल माझा नव्हता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आहे तेवढंच सांगत होतो.

"मास्तर, तुम्ही सांगा," मी ओरडलो. "तुमच्या तोंडाने सांगा!"

मास्तर अध्यक्षांकडे बघत नव्हते. आप्पांकडे बघत होते. आप्पा ढेपांकडे बघत होते. मग खुर्चीसाठी वरात सोडणारा तो माणूस उठला, छातीवर हात ठेवला, "साहेबांनी ऐकलं, मेहरबानी," म्हणाला, आणि क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळायला लागला.

एस.टी. स्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर भांडत गेलो. "तोंड शिवलं होतं का? एक वाक्य! 'ही माझी' एवढंच!"

मास्तर थांबले. आवाज चढला तेव्हा त्यांचा, माझ्यापेक्षा जास्त. "कुणाला सांगू? त्यांच्या देवापुढं म्हणत्यात ती चाल, शेट. मी उठून म्हणू, थांबा, ती माझी हाय, इस्माईलची? मग उद्या काय, कळतंय का तुम्हाला? एक तर ती म्हणायची सोडतील, न्हाईतर मला बोलवायचं सोडतील. राहू, खुटबाव, सगळ्या पट्ट्यातली लग्नं माझी हायेत. भांडायला तुम्हाला परवडतं."

"म्हणजे मीच मूर्ख. तुमच्यासाठी भांडलो."

"माझ्यासाठी? का तुमच्या गाळ्यातला माल माघारी गेला म्हणून?"

"दोन्हीसाठी," मी म्हटलं. "त्यात काय बिघडलं?"

गाडी आली. आजही मी माझं ते उत्तर बरोबर धरतो. माणूस दोन्हीसाठी भांडतो. एकाच कारणासाठी भांडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पुढच्या बाजाराला आप्पांच्या गाड्या आल्या, नेहमीसारख्या पहिल्या. मी हमालांना हात लावू दिला नाही. आप्पा गाडीवरून उतरून जवळ आले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "आरं गेनबा, पाव्हण्यापुढं आपल्या भागाची मान वर ऱ्हायली. त्यात तुझं काय गेलं? आन् मास्तरनं सोताच दिली की मला. दिलेली वस्तू कुणी मागारी मागतंय व्हय?"

"मागितली नाही. तुम्ही ती तुमच्या वडिलांच्या नावावर चढवली."

"बोलण्यात आलं. एवढं काय धरून बसायचं?" हे ते समजुतीच्या सुरात म्हणाले, जसा बाप हट्टी पोराला म्हणतो. त्यांना आपण खोटं बोललो असं वाटतच नव्हतं. तेव्हाही नाही आणि, माझी खात्री आहे, आजही नाही. महिन्याभरात ती चाल त्यांच्या गळ्यात इतकी मुरली होती की ती कधी आली हे त्यांना आठवण्याची गरजच राहिली नव्हती. मला लबाड माणूस समजतो. त्याच्याशी कसं बोलायचं ते मला येतं. आपल्याच थापेवर श्रद्धा बसलेल्या माणसापुढे माझी कुठलीच बोली चालत नाही. मी म्हटलं, "गाड्या पुढे घ्या." त्या पुढच्या गाळ्यासमोर थांबल्या आणि अजून तिथेच थांबतात. आप्पा आता सोसायटीचे चेअरमन आहेत.

आणि चाल? ती भीमा ओलांडून कुठवर गेली याचा हिशेब नाही. हरिनाम सप्ताहात ती असते. जात्रेत असते. एस.टी.त कंडक्टर तिकिटं फाडताना गुणगुणतो. परवा हॉटेलात कुणी मला समजावून सांगत होता की ही आपल्या भागातली शे-दोनशे वर्षांपूर्वीची चाल आहे, पूर्वीच्या लोकांचं डोकंच वेगळं होतं. मी चहा अर्धा सोडून उठलो. स्तुती कानावर पडते आणि ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत कधी पोचत नाही, हे मी बारा वर्षं बघतो आहे. मालाला गिऱ्हाईक मिळालं नाही तर मी समजू शकतो. सगळ्यांनी उचलला आणि धन्याचं नाव तेवढं पुसलं, हे कुठल्या बाजारात बसतं?

मास्तर त्यानंतर काही रचत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नवं करायचं कशाला? आठ दिवसांत जुनं होतंय."

गेल्या महिन्यात खुटबावला एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. मांडवात मास्तरांचा बँड. केस पांढरे झाले आहेत, बूट तसेच चकचकीत. सिनेमाची गाणी झाली आणि नवऱ्या मुलाचा मामा ओरडला, "मास्तर, आता ती आपली राहूची भजनाची वाजवा!" मास्तरांनी सुरू केली. एकदा झाली, दुसऱ्यांदा ओळ टाकली, आणि त्या ठिकाणी ते थांबले. सगळा बँड थांबला. माझ्या अंगावर काटा आला. कारण भजनात ती जागा नाही. भजनी मंडळांनी तिथे टाळ भरून टाकला आहे, शांततेत त्यांना काय करायचं ते कळत नाही.

मामा हसत पुढे आला. "मास्तर, चुकलात! मधी थांबायचं नसतंय. आमच्याकडं सरळ म्हणत्यात."

मी उठलो. माझ्या तोंडात शब्द तयार होते. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांतून न काढता माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. मग मामाकडे वळून त्यांनी ती वाजवली, सरळ, न थांबता, टाळ भरल्यासारखी. मामाने फेटा काढून त्यांच्यावरून ओवाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंगत उठताना मास्तर माझ्याजवळ आले. हातात फडकं, क्लॅरिनेट पुसत होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील, माझ्याजवळ का होईना शिव्या घालतील. ते हळू म्हणाले, "शेट, राग धरू नका. पण माझा बँड असंल त्या लग्नाला येत जाऊ नका. तुम्ही समोर दिसला की हात आपोआप खरी वाजवतो."